दोन कागद, सहा आवाज

डिसेंबर १९२७ मध्ये बर्लिनच्या एका वर्तमानपत्रात चार-पाच ओळींची एक छोटी जाहिरात छापून आली. एका गटासाठी गायक हवे होते. टेनर हवा, म्हणजे उंच पट्टीत गाणारा, आणि बेस हवा, म्हणजे खर्जात गाणारा. वय पंचविसाच्या आत असावं, आवाज गोड असावा, गाण्याची चांगली जाण असावी आणि रोज किती वेळ देता येईल ते कळवावं. बस्स, एवढंच. जाहिरात देणारा हॅरी फ्रोमरमान तेव्हा २१ वर्षांचा होता. खिशात पैसे नव्हते, हाताला धड काम नव्हतं. डोक्यात मात्र एक वेडी कल्पना होती.

सव्वासात वर्षांनी, फेब्रुवारी १९३५ मध्ये, या जाहिरातीतून उभ्या राहिलेल्या गटातल्या सहा जणांना सरकारी संगीत मंडळाचा निर्णय पत्राने कळला. तिघांना सदस्यत्व मिळालं आणि तिघांना नाकारलं गेलं. ज्यांना मिळालं त्यांना वर एक ताकीद होती, की नाकारलेल्यांबरोबर यापुढे गायचं नाही.

पहिल्या कागदाने सहा आवाज एकत्र आणले, दुसऱ्याने त्यांची तीन-तीन अशी वाटणी केली. दोन्ही कागदांनी माणसाला काही प्रश्न विचारले होते. कुठल्या कागदाने काय विचारलं, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. गोष्ट जर्मनीतली आहे, नव्वद-शंभर वर्षांपूर्वीची आहे. पण माणसाला कोणता प्रश्न विचारायचा, हा मुद्दा जुना होत नाही.

बिनपगारी रियाज

या गटाचं नाव ‘कॉमेडियन हार्मनिस्ट्स’. इंटरनेटवर हे नाव टाकलं तर त्यांची गाणी आजही सापडतात. ध्वनिमुद्रणं जुनी आहेत, खरखर आहे, भाषा जर्मन आहे. तरी दोन मिनिटांत तुमच्या चेहऱ्यावर हसू येईल, याची मला खात्री आहे.

हॅरीचे वडील बर्लिनमध्ये ज्यू प्रार्थनागायकांना शिकवायचे. घरात गळ्याचं महत्त्व होतं. हॅरीला नाटकात जायचं होतं, ते काही नीट जमलं नाही. त्या काळात अमेरिकेतल्या ‘द रेव्हेलर्स’ नावाच्या गायकांच्या तबकड्या बर्लिनमध्ये पोहोचल्या होत्या. चार-पाच पुरुषी आवाज एकमेकांत असे गुंफलेले, की ऐकणाऱ्याला वाटावं एकच गळा अनेक सुरांत गातोय. हॅरीला वाटलं, हे जर्मन भाषेत का होऊ नये? त्याने स्वतः बसून गाण्यांची मांडणी लिहून काढली. कुठला आवाज कुठे उचलायचा, कुठला मागे राहायचा, कोणी कुठे थांबायचं, हे सगळं. मग जाहिरात दिली.

फ्रीडेनाऊ भागातल्या त्याच्या छोट्या घरी जाहिरात वाचून कितीतरी जण आले. बहुतेकांना काम हवं होतं, गाणं येत होतंच असं नाही. पण त्यांच्यात रॉबर्ट बिबेर्टी होता. खर्जाचा आवाज असा, की हॅरीला पुढे विचारच करावा लागला नाही. बिबेर्टी बर्लिनच्या एका मोठ्या नाट्यगृहात समूहगायक होता. तिथले आणखी दोघं तो घेऊन आला. एक आरी लेश्निकॉफ, बल्गेरियाहून गाणं शिकायला आलेला, उंच पट्टीतला अतिशय मुलायम आवाज. दुसरा रोमान त्सिकोव्स्की, पोलंडमधल्या धार्मिक ज्यू घरातला, ऑपेरा गायचं स्वप्न घेऊन जर्मनीत आलेला. नंतर एरिश कॉलिन आला, बर्लिनच्या सुशिक्षित घरातला. आणि पियानोवर एर्विन बोट्स, संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेला.

एक गंमत बघा. जाहिरातीत वय पंचविसाच्या आत अशी अट होती. लेश्निकॉफ तेव्हा ३० वर्षांचा होता, कॉलिन २८ चा, त्सिकोव्स्की २६ चा. म्हणजे हॅरीने स्वतःच्याच कागदावरची अट आवाज ऐकल्यावर बाजूला ठेवली. तिघं ज्यू कुळातले, तिघं नाहीत. दोघं परदेशात जन्मलेले. पण गट जमवताना हा हिशेब कोणी केला नव्हता. तेव्हा गणित एकच होतं, आवाज जुळतोय की नाही.

जुळायला वेळ लागला. कित्येक महिने ते बिनपगारी रियाज करत राहिले. दिवसा रियाज, रात्री पोटापाण्यासाठी दुसरीकडे गाणं. एका नामांकित रंगमंचावर चाचणी दिली, ती नापास झाली. गट मोडायची वेळ आली होती. पण ते पुन्हा बसले, अमेरिकन नक्कल कमी केली, स्वतःची चाल शोधली. अखेर एरिक शारेल या दिग्दर्शकाने त्यांना १९२८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या ‘कॅसानोव्हा’ या भव्य संगीतनाट्यात घेतलं. ‘कॉमेडियन हार्मनिस्ट्स’ हे नावही तिथलंच.

गळ्यातला वाद्यवृंद

वाद्यांशिवाय केवळ गळ्याने गाण्याच्या प्रकाराला ‘अ कॅपेला’ म्हणतात. काटेकोर बोलायचं तर हे पाच गायक आणि एक पियानो असा गट होता, पण कान त्यांच्या गळ्यांकडेच लागतात. हॅरी ओठांनी आणि नाकाने ट्रम्पेटचा आवाज काढायचा. बिबेर्टीच्या खर्जाने तळाला तंतुवाद्याची घुमघुम यायची. मध्ये त्सिकोव्स्की आणि कॉलिन असा भराव घालायचे, की वर लेश्निकॉफचा सूर अलगद तरंगावा. अमेरिकेतला कृष्णवर्णीय संगीतकार ड्यूक एलिंग्टन याची एक रचना त्यांनी १९३३ मध्ये गायली. त्या रचनेत शब्द जवळजवळ नाहीतच, सगळी वाद्यं गळ्यातून. रोस्सिनीच्या ऑपेराचा आरंभीचा वाद्यसंगीताचा भागसुद्धा त्यांनी तोंडाने गाऊन दाखवला.

विषय काय असायचे? वसंत ऋतू, सुट्टीचा दिवस, बाल्कनीतला छोटा हिरवा निवडुंग. त्यात राजकारणाचा शब्द नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९३० पर्यंत ते जर्मनीतले नावाजलेले गायक झाले होते. तबकड्या खपत होत्या, बोलपटांत गाणी होती, रेडिओवर आवाज होता. १९३२ मध्ये बर्लिन फिलहार्मनीच्या सभागृहात, जिथे एरवी बेथोव्हेन आणि ब्राम्स वाजायचा, तिथे या हसवणाऱ्या सहा जणांची मैफल झाली. पाच वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात चार ओळी छापणाऱ्या मुलासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

बंदी अशी येते

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. आपल्याला वाटतं की दुसऱ्या दिवशी सैनिक आले असतील, सभागृह बंद पाडलं असेल. तसं झालं नाही. प्रसिद्ध लोकांच्या बाबतीत सत्ता सुरुवातीला घाई करत नाही, ती कागद तयार करते.

एप्रिल १९३३ मध्ये सरकारी नोकऱ्यांसाठी कायदा आला. त्याच्या नियमावलीने ‘अनार्य’ कोण याची व्याख्या केली. आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असला, तरी तुम्ही अनार्य. सप्टेंबर १९३३ मध्ये सांस्कृतिक मंडळाचा कायदा आला. त्याखाली संगीतासाठी वेगळं मंडळ निघालं. त्याचा पहिला अध्यक्ष होता रिखार्ड श्ट्राउस, जगभर नावाजलेला संगीतकार. गाऊन-वाजवून पोट भरायचं असेल तर या मंडळाचं सदस्यत्व हवंच. गाण्यावर थेट बंदी नाही, फक्त सदस्यत्वाची अट. आणि सदस्यत्वाच्या अर्जात आई-वडील, आजी-आजोबा यांची चौकशी.

अर्जाचा निकाल लांबत गेला. तोवर गटाचं काय? एकेका शहरातले आयोजक कार्यक्रम रद्द करू लागले. प्रत्येकाकडे काहीतरी कारण होतं. कोणाला वरून सांगितलं होतं. कोणी वरून सांगतील म्हणून आधीच माघार घेतली. हा दुसरा प्रकार मला जास्त अस्वस्थ करतो. हुकूम निघायच्या आधीच हुकूम पाळणारी माणसं. त्यांच्यातले बरेच जण कदाचित या गाण्यांचे चाहतेही असतील, घरी तबकड्या ऐकतही असतील.

मार्च १९३४ मध्ये जर्मनीतल्या त्यांच्या जाहीर मैफली संपल्या. परदेशात मात्र मागणी होती. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्क बंदरात अमेरिकन नौदलाच्या ‘साराटोगा’ या विमानवाहू जहाजावर गायले. तिथे राहता आलं असतं. पण ते परत आले. का, याबद्दल नंतर त्यांच्यातही एकमत नव्हतं. मला वाटतं, आपलं गाव, आपली भाषा, आपल्या घरची माणसं आणि ‘हे दिवसही जातील’ ही आशा. ही आशा मूर्खपणाची होती असं आज आरामात बसून म्हणणं सोपं आहे. आपलं घर आपल्याला परकं ठरवेल, यावर कोणाचा लवकर विश्वास बसतो?

फेब्रुवारी १९३५ मध्ये ती पत्रं आली.

कागदाला काय माहीत होतं

त्या निकालाकडे जरा नीट बघू. हॅरी फ्रोमरमान बर्लिनमध्ये जन्मलेला. एरिश कॉलिनही बर्लिनचाच. दोघांची मातृभाषा जर्मन. दोघंही नापास. आरी लेश्निकॉफ बल्गेरियाचा, जर्मन बोलताना त्याची जीभ अडखळायची. तो पास. म्हणजे प्रश्न देशाचा नव्हता, भाषेचाही नव्हता.

मग धर्माचा होता? तेही पूर्ण खरं नाही. कॉलिनचं कुटुंब ज्यू वंशाचं असलं तरी ख्रिस्ती झालेलं होतं. त्याच्या श्रद्धेची कागदाला पर्वा नव्हती. त्याला त्याच्या आजी-आजोबांची पर्वा होती. ‘तुम्ही आमच्यासारखे व्हा, मग आम्ही तुम्हाला आपलं म्हणू’ असं वचन यापूर्वी कैक वर्षं दिलं गेलं होतं. कॉलिनसारख्या घरांनी ते पाळलंही होतं. १९३३ नंतर त्यांना कळलं की वचन देणाऱ्याला ते पाळायचंच नव्हतं.

आणि प्रश्न गाण्याचाही नव्हता. निवडुंगाच्या गाण्यात राज्य उलथवणारं काय असणार? ते गाणं १९३४ चं आहे, म्हणजे जर्मनीत त्यांच्या मैफली बंद झाल्या त्याच वर्षीचं. कोणी म्हणेल, कलाकाराने राजकारणात पडू नये, गप गाणं गावं, मग कोणी त्रास देत नाही. या सहा जणांनी नेमकं तेच केलं होतं.

पहिल्या कागदाने विचारलं होतं, तुला काय येतं आणि तू रोज किती वेळ देशील? दुसऱ्याने विचारलं, तुझी आजी कोण होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणूस मेहनतीने बदलू शकतो. दुसऱ्याचं उत्तर कोणीच बदलू शकत नाही, म्हणून तर तो विचारला जातो.

पास झालेल्यांचं काय झालं

आतापर्यंतची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली असेल: अन्याय करणारे आणि सोसणारे. मला ज्या भागाने खरा विचार करायला लावलं तो पुढे आहे.

नापास झालेले तिघं, म्हणजे हॅरी, कॉलिन आणि त्सिकोव्स्की, व्हिएन्नाला गेले. तिथे नवे साथीदार घेऊन त्यांनी ‘कॉमेडी हार्मनिस्ट्स’ उभा केला. सोव्हिएत संघात गायले, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात गायले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि तेही घर गेलं. पुढे युद्ध सुरू झालं, ते अमेरिकेत पोहोचले, आणि १९४१ मध्ये गट संपला.

पास झालेले तिघं, म्हणजे बिबेर्टी, लेश्निकॉफ आणि बोट्स, बर्लिनमध्ये राहिले. त्यांनीही रिकाम्या जागा नव्या गायकांनी भरल्या. नाव बदलावं लागलं, इंग्रजी वळणाचं नाव चालणार नव्हतं. ‘माइस्टरसेक्सटेट’ हे जर्मन नाव आलं. त्यांच्याकडे सदस्यत्व होतं, परवाना होता, आपला देश होता. पण गाणार काय? त्यांच्या गाजलेल्या कितीतरी गाण्यांचे कवी आणि संगीतकार ज्यू होते. ती गाणी आता चालत नव्हती. ज्याने सगळी मांडणी लिहिली तो हॅरी व्हिएन्नात होता. गट आपापसातल्या भांडणांनी पोखरला गेला. १९३८ मध्ये बोट्स सोडून गेला. लेश्निकॉफ पुढे बल्गेरियाला परतला. हाही गट १९४१ मध्येच संपला.

दोन्ही गटांच्या तबकड्या आज ऐकायला मिळतात. गाणारे तयारीचे आहेत, चूक काढायला जागा नाही. तरी मूळ सहा जणांची गंमत दोन्हींकडे नाही. कारण ती गंमत तिघांकडे अर्धी आणि तिघांकडे अर्धी अशी ठेवलेली नव्हती. ती सहा जणांच्या मधल्या जागेत होती. कागदाने ती जागाच पुसून टाकली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की माणसांना वगळणारा कागद ज्यांना आत ठेवतो त्यांचंही नुकसान करतो. हे सांगताना मी दोन्ही दुःखांना एका तराजूत घालत नाही. एकीकडे परवाना होता, दुसरीकडे जिवाचा धोका. त्सिकोव्स्कीच्या वडिलांना नाझींनी मारल्याची बातमी त्याला अमेरिकेत कळली, त्यानंतर त्याने रंगमंच सोडला आणि तो सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाऊ लागला. बिबेर्टीच्या वाट्याला असं काही आलं नाही. हा फरक विसरून चालणार नाही.

पण पास झालेल्यांना एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. ‘तिघं नाहीत तर आम्हीही नाही’ असं त्यांनी म्हटलं असतं तर? कदाचित तिघांच्या जागी सहा जणांची रोजी गेली असती. बाकी काही बदललं नसतं. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बोट्सची तर पत्नी ज्यू होती. तो संसारही पुढे मोडला. त्या माणसांना खलनायक ठरवून मला मोकळं व्हायचं नाही. ती तुमच्या-माझ्यासारखी होती, हीच तर अडचण आहे.

हरवलं कोणी, मिळालं कोणाला

देश माणसं घालवतो तेव्हा ती कुठेतरी जातातच. त्या वर्षांत मध्य युरोप सोडलेले काही संगीतकार आपल्या मुंबईतही आले. वॉल्टर काउफमान हा त्यांच्यातला एक. वयाने हॅरीपेक्षा थोडा लहान, कार्लसबाड गावचा, बर्लिनमध्ये संगीत शिकलेला ज्यू तरुण. १९३४ मध्ये तो मुंबईला आला आणि १९४६ पर्यंत राहिला. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्याने पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं, इथे मैफलींची संस्था उभी केली आणि आपलं रागसंगीत मन लावून अभ्यासलं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने रोज सकाळी रेडिओवर जी आकाशवाणीची ओळखधून ऐकली, ती त्याचीच मानली जाते. जर्मनीने जे दार लावलं, त्यामुळे मुंबईची एक सकाळ सुरेल झाली.

हे सांगताना आनंद होतो, पण यात समाधान मानू नये. काउफमानला जागा मिळाली, लाखोंना मिळाली नाही. आणि ज्यांना मिळाली त्यांचाही प्रवास सोपा नव्हता. कॉलिनने अमेरिकेत कारखान्यात काम केलं आणि १९६१ मध्ये तो गेला. हॅरी अखेरच्या वर्षांत जर्मनीत ब्रेमेनला परतला, १९७५ मध्ये तिथेच वारला. लेश्निकॉफ सोफियामध्ये हलाखीत जगला, १९७८ मध्ये गेला. त्सिकोव्स्की सगळ्यांत शेवटी, १९९८ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. सहाही जण पुन्हा कधी एका खोलीत बसले नाहीत. १९७६ मध्ये एबरहार्ड फेखनर याने जर्मन दूरचित्रवाणीसाठी हयात असलेल्या चौघांच्या मुलाखती घेऊन माहितीपट केला, तेव्हा जर्मनीला आपल्याच गायकांची पुन्हा आठवण झाली. दोघं तोवर गेले होते.

आपण यातून काय घ्यायचं

मित्रांनो, आता थोडं अवघड बोलतो.

ही गोष्ट वाचताना तुमच्यातल्या काहींच्या मनात गाझा आलं असेल. तिथली मुलं, तिथले ढिगारे आपण फोनवर पाहिले आहेत. त्याबद्दल राग येणं माणुसकीचं लक्षण आहे आणि तो राग स्पष्ट शब्दांत मांडलाच पाहिजे. पण सरकारचा हिशेब सरकारकडे मागायचा. कोणाच्या आजीकडे नाही. ‘ज्यू म्हणजे असेच’ हे वाक्य आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं, तेव्हा ते १९३५ च्या त्या पत्राचंच वाक्य असतं. आपल्याबद्दल कोणी ‘हे लोक असेच’ म्हटलं की आपल्याला किती लागतं? मग तीच भाषा दुसऱ्यासाठी आपण कशी वापरणार? न्याय मागणाऱ्याने निदान आपला तराजू सरळ धरावा.

दुसरी गोष्ट. ही कहाणी ऐकली की लगेच आज-उद्याच्या प्रत्येक घटनेला हिटलरची उपमा देण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्यांनी ते भोगलं त्यांच्यावर त्यात अन्याय होतो आणि आपली बाजूही कमकुवत होते. समोरचा माणूस लगेच म्हणतो, तसं काही इथे नाही, आणि चर्चा संपते. त्याऐवजी साधा प्रश्न विचारा. या अर्जात, या नियमात, घर भाड्याने देताना केलेल्या या चौकशीत माणसाला काय विचारलं जातंय? त्याची लायकी, त्याची वागणूक, की त्याचं आडनाव? हा प्रश्न विचारायला कोणतीही उपमा लागत नाही. संविधान पुरेसं आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करायचा नाही, हे कलम १५ मध्ये लिहिलेलं आहे. आणि हा प्रश्न फक्त दुसऱ्याच्या अर्जाला विचारायचा नसतो. आपल्या जमातीत, आपल्या घरात, लग्नाच्या बोलणीत, मंडळाच्या निवडणुकीत आपण काय विचारतो? बिरादरी विचारतो की हुनर? मुलीला तिचं शिक्षण विचारतो की तिच्या बापाची ऐपत?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या सहा जणांना फक्त बळी म्हणून आठवू नका. ते आधी उत्तम गायक होते. त्यांच्यात हेवेदावे होते, पैशाची हाव होती, विनोद होता, महिनोन्महिने न कंटाळता केलेला रियाज होता. सत्तेने त्यांची ओळख एका शब्दात कोंबली. आपणही त्यांना ‘नाझींनी बंदी घातलेले’ एवढंच म्हटलं, तर सत्तेचाच शब्द पुढे चालवल्यासारखं होईल. आपल्याबाबतही हे खरं आहे. अन्याय दिसला तर बोलायलाच हवं. पण आपली सगळी ओळख त्या अन्यायाभोवती बांधली, तर आपण काय गातो हे सांगायला कोणी उरणार नाही.

हॅरी फ्रोमरमानच्या हातात १९२७ मध्ये ना पैसा होता ना ओळखी. त्याने चार ओळी लिहिल्या आणि दार उघडं ठेवलं. वाचनकट्टा, नाटकाची टोळी, क्रिकेटची टीम, अभ्यासिका, तुमच्या डोक्यात जे काही असेल त्याची जाहिरात तुम्हीही लिहू शकता. लिहाल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: काय येतं, शिकायची तयारी आहे का, आणि रोज किती वेळ देशील? दारात जो येईल त्याचं नाव नंतर विचारा, आधी त्याचा आवाज ऐका. वयाची अट घातली असेल आणि आवाज आवडला, तर ती अटही हॅरीसारखी खुशाल विसरा.

आणि उद्या तुमच्याच गटातल्या एखाद्याला कोणी म्हणालं, ‘तू आत, पण तुझा दोस्त बाहेर’, तर सही करण्याआधी एक रात्र थांबा. कॉमेडियन हार्मनिस्ट्सचं एखादं गाणं लावा आणि त्यातला एक आवाज मनातल्या मनात काढून बघा. गाणं तेच राहतं का?